दुसरी कुपी

४ नोव्हेंबर

चिरंजीव धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि लेक, तिघंही सुखरूप असाल असं धरून चालते. सहा वर्षांनी माझं अक्षर दिसल्यावर तू आधी शेवटचं पान उलटून पाहिलं असशील, कोण गेलं ते बघायला. कोणी गेलेलं नाही. आमचे हे ठणठणीत आहेत. निवृत्त झाल्यापासून दिवसभर जुना रेडिओ उघडतात आणि परत जोडतात, दर वेळी एक स्क्रू उरतो. मीही बरी आहे. तेव्हा आता पहिल्या ओळीपासून नीट वाच.

फोन का केला नाही म्हणशील. इथला फोन ऑफिसात आहे आणि ऑफिसात इंजिनिअर बाई आहे, तिचे कान तिखट. मोबाइलला या टेकडीवर एकाच जागी रेंज येते, पाण्याच्या टाकीच्या मागे. तिथं बोललेलं खाली ड्रायव्हरच्या खोलीत ऐकू जातं, मी यांना तिथं उभं करून तपासून पाहिलंय. म्हणून पत्र. पाकिटावर वरून चिकटपट्टी लावली आहे. ती उचकटलेली दिसली तर कळव.

तुला माझ्या नोकरीची कायम गंमत वाटायची. ‘आमची ताई हवा भरते,’ असं मित्रांना सांगायचास, त्यांना वाटायचं मी सायकलच्या दुकानात बसते. आज तुला ते काम नीट सांगावं लागणार, कारण सगळा घोळ त्यातच आहे.

दर मंगळवारी सकाळी मी दोन काचेच्या कुप्या घेऊन टेकडीच्या टोकाला जाते. कुप्या संस्थेतून येतात, आतली हवा पार काढून टाकलेल्या. टोकावर वाऱ्याला तोंड करून उभं राहायचं, मान मागे वळवून मोठा श्वास घ्यायचा आणि तो धरायचा. मग हात लांब करून पहिल्या कुपीची तोटी उघडायची, सूं करून हवा आत शिरते. पंधरा अंक मोजायचे, तोटी बंद. मग दुसरी. उघडझाप धरून सगळे मिळून चाळीस अंक, आणि तोवर नाक-तोंड बंद. आपण सोडलेल्या श्वासात बाहेरच्या हवेच्या शंभरपट कार्बन डाय ऑक्साइड असतो आणि वारा समोरून आला तरी तो अंगाभोवती घुटमळतो. एवढासा श्वास आत शिरला की कुपीतली हवा जगाची राहत नाही, माझी होते. कुप्या दोन अशासाठी की संस्थेत मोजल्यावर दोघींचा आकडा सारखा आला तरच तो खरा धरतात. नाही जुळला तर ‘जोडी फुटली’ म्हणतात आणि वहीत त्या तारखेवर रेघ मारतात.

मला हे शिकवणारे जुने साहेब म्हणायचे, दम पुरला नाही तर पहिली बंद कर, मागे जा, श्वास घे आणि परत ये, त्यात कमीपणा नाही. मी एकतीस वर्षांत एकदाही मागे गेले नाही. एका श्वासात जोडी. ते गेल्यावर ही पद्धत माझ्याच नावानं ओळखली जायला लागली.

मी लागले तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डाय ऑक्साइडचे तीनशे साठ भाग होते. आता सव्वाचारशे आहेत. आपले अप्पा जन्मले तेव्हा तीनशे दहाच्या आसपास असणार, आणि कारखाने यायच्या आधी दोनशे ऐंशी. ध्रुवाकडच्या बर्फात जुन्या हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, ते फोडून लोकांनी आठ लाख वर्षांचे आकडे काढलेत. त्यात हा आकडा तीनशेच्या फारसा वर कधी गेलाच नाही. म्हणजे माणसाची छाती ज्या हवेवर बेतली गेली ती हवा आज कुठंच मिळत नाही. तू म्हणायचास, ताई, मी एकेकाची छाती ऐकतो. मी म्हणायचे, मी सगळ्यांची मिळून एकदम ऐकते. तेव्हा आपण बोलत होतो.

तर मुद्दा असा, की मार्चपासून जोड्या फुटायला लागल्या आहेत. आधी महिन्यातून एखादी, मग दोन, आता दर मंगळवारी. यात कुठंतरी पाणी मुरतंय हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. आधी मी ड्रायव्हरला धरलं. तो जीपमध्ये गाणी ऐकायला इंजिन चालू ठेवतो. तो म्हणाला, इंजिन बंद असतं. मी बॉनेटला हात लावून पाहिला, गरम होतं. तो म्हणाला, आत्ताच वर आलोय, गरम असणारच. बघ, उत्तर किती तयार होतं. मग खालच्या विश्रामगृहाचा स्वयंपाकी. तो पालापाचोळा जाळतो, आणि नेमका सकाळी.

पण खरा संशय मला इंजिनिअर बाईचा आहे. ती जानेवारीत आली, सोबत एक यंत्र घेऊन. ते यंत्र दर मिनिटाला आपणहून हवा ओढतं आणि आकडा लिहितं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते असं. माझ्या कुप्या खोट्या पडल्या की तिचं यंत्र खरं ठरतं, यात न कळण्यासारखं काय आहे? जूनमध्ये मी कुप्यांच्या खोलीत शिरले तर ती माझी वही चाळत होती, मला बघून मिटली. रोज चार वाजता मला चहा आणून देते. कुणी कुणाला इतका चहा फुकट देत नाही. आणि मला ताई म्हणते. ताई मी एकाचीच आहे, ती म्हणजे तुझी, बोलत नसलो तरी.

आता संस्थेचं पत्र आलंय. भरणारीच्या फुप्फुसांची तपासणी करून छातीच्या डॉक्टरचा दाखला तीस नोव्हेंबरपर्यंत पाठवा. नाही पाठवला तर हातानं कुप्या भरणं बंद, आणि सुरुवातीपासूनची सगळी मालिका संशयास्पद म्हणून बाजूला काढणार. सगळी, धाकट्या. सोळाशे मंगळवार. मी पाऊस बघितला नाही, ताप बघितला नाही, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मंगळवार होता तर हळदीच्या हातांनी जाऊन कुप्या भरल्या. हे आकडे लोक पुस्तकांत छापतात. त्यावर आता ही माणसं रेघ मारायला निघाली आहेत.

आता माझं काम काय ते ऐक. सोबत फॉर्म आहे. तू छातीचा डॉक्टर, तुझ्या सहीला वजन आहे, आडनाव लग्नानं बदललंय तेव्हा कुणाला नातंही कळणार नाही. ‘फुप्फुसं उत्तम’ एवढं लिहून सही-शिक्का मार आणि पाठवून दे. मला तिकडं बोलावू नकोस. बसचा सात तासांचा प्रवास आहे आणि मंगळवार चुकेल. हे म्हणतात की मी हल्ली खोकते. त्यांच्या बोलण्यावर जाऊ नकोस, ते मी शिंकले तरी दार लावून घेतात. उभा जन्म जगातल्या सगळ्यात स्वच्छ हवेत काढलेल्या बाईला काय होणार?

अप्पांचा विषय या पत्रात नको. मी तेव्हा जे बोलले ते बोलले.

लेकीला माझा आशीर्वाद सांग, तिला मी आठवत असेन तर.

तुझी,
ताई


१४ नोव्हेंबर

डॉक्टरसाहेबांस,

तुझं पत्र मिळालं, फॉर्म कोराच परत आला तोही मिळाला. सहा वर्षांनी बहिणीला लिहिलंस ते चार ओळी. त्या मी इथं उतरवून काढते, म्हणजे तुझ्या तुलाच वाचायला मिळतील: ‘ताई, तपासल्याशिवाय मी कुणालाही सही देत नाही. ये. दोन प्रश्न आहेत. जोडीतली कुठली कुपी बिघडते, पहिली की दुसरी? आणि टोकाच्या पायऱ्या चढताना मधे तीनदा थांबतेस हे खरं का?’

खुशाली नाही, काही नाही. तीनदा थांबते हे तुला कोणी सांगितलं? मी पत्रात पायऱ्यांचा शब्दही काढला नव्हता. पत्र हातात घेऊन मी यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. ते रेडिओत तोंड खुपसून बसले होते. मी विचारलं, “माझ्या पाठीमागे धाकट्याला किती पत्रं लिहिलीत?”

“दोन,” म्हणाले. “एक जुलैत, एक गेल्या आठवड्यात.”

“का?”

“तू मला सांगत नाहीस म्हणून त्याला विचारलं.”

घर फिरलं की वासे फिरतात. आता मी घरातही जपून श्वास घेते, खोकले तर कुठल्यातरी पोस्टात नोंद होईल.

थांबते ते दृश्य बघायला थांबते. एकतीस वर्षं बघतेय म्हणून आता बघू नये असा काही नियम नाही.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला देता येण्यासारखं आहे. वही काढून पाहिली. दुसरी. दर वेळी दुसऱ्याच कुपीचा आकडा वर जातो, पहिलीचा बाईच्या यंत्राशी अगदी जुळतो. मग? यातून तुला काय सिद्ध करायचंय? दुसरी कुपी ठेवायच्या खोक्यातच काही केलेलं असू शकतं. दोन्ही खोकी रात्रभर बाईच्या खोलीत असतात.

मला एक वाटतं ते लिहूनच टाकते, मनात ठेवलं तर कुजेल. तू हा सूड घेतो आहेस. अप्पा गेले तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर मी म्हणाले होते, की यानं आणलेल्या त्या प्राणवायूच्या नळीनं माझा बाप नेला. आत्यानं तेव्हापासून तुझ्याकडं येणं बंद केलं, तिची पोरंही येईनाशी झाली, हे मला माहीत आहे. तू तेव्हा काही बोलला नाहीस. भिंतीला टेकून उभा होतास. आता माझा दाखला अडवून हिशेब चुकता करतोस. डाव तुझा आला आहे, खेळ.

पण सोळाशे मंगळवार मी असे सोडणार नाही. येत्या मंगळवारी मी सगळ्यांना उघड्यावर आणते. चोर कोण ते तुला पुढच्या पत्रात कळवीन, नावानिशी.

कळावे.

अजूनही तुझीच बहीण


२२ नोव्हेंबर

धाकट्या,

आशीर्वाद. या वेळी ते जरा भीतभीतच लिहिते.

मंगळवारचं सांगते. मी पक्का बंदोबस्त केला होता. ड्रायव्हरकडून जीपची किल्ली घेऊन पदराला बांधली. यांना विश्रामगृहावर पाठवलं, स्वयंपाकी काडी ओढणार नाही हे बघायला. कुप्यांची खोकी आदल्या रात्री माझ्या पलंगाखाली ठेवली. यंत्राच्या खोलीला कुलूप लावलं, आणि बाईला म्हटलं, “तू माझ्याबरोबर टोकावर चल. माझ्या डोळ्यांसमोर उभी राहा.” तिनं का म्हणून विचारलं नाही. शाल घेऊन आली. मी माझं घड्याळ तिच्या हातात दिलं, म्हटलं, वेळ लाव, म्हणजे उद्या मी घाई केली असं लिहायला नको.

थंडी होती, वारा बेताचा. मी श्वास घेतला, धरला, पहिली उघडली, पंधरा, बंद. दुसरी उघडली, पंधरा, बंद. चाळीस अंक पुरे केले, बाजूला आले आणि मग श्वास सोडला. छाती भरून आली होती पण चाळीस म्हणजे चाळीस. मी बाईकडं बघितलं. वाटलं, आता बोल.

ती म्हणाली, “ताई, तेवीस सेकंद झाले.”

मी म्हटलं, घड्याळ बंद पडलं असेल. तिनं ते माझ्या कानाला लावलं, टिकटिक चालू होती. मग हळूच म्हणाली, “दुसरी उघडी असताना तुमचे खांदे पडले. नाकातून वाफ आली. आज थंडी आहे म्हणून मला दिसली.”

मी तिच्या हातातून घड्याळ हिसकावून घेतलं. पाण्याच्या टाकीमागे गेले, यांचं घड्याळ मागवून घेतलं, दोन्ही समोर ठेवली आणि एकटीनं पुन्हा मोजलं. तुला काय सांगू, माझा पंचविसावा अंक चौदाव्या सेकंदाला येतो. मी भराभर मोजते आहे, कधीपासून देव जाणे. दम कमी झाला तसे माझ्या मनानं अंक जवळजवळ आणले आणि मला पत्ताही लागू दिला नाही. तिसऱ्या खेपेला तर एकोणीस सेकंदांवर चाळीस झाले. टाकीमागे बसकण मारली. ड्रायव्हर, स्वयंपाकी, बाई, सगळ्यांना मी आठ महिने पाण्यात पाहिलं. धूर असता तर दोन्ही कुप्या बिघडल्या असत्या, एवढी साधी गोष्ट. तुझ्या पहिल्या प्रश्नात ती सगळी होती. साप साप म्हणून भुई धोपटत होते आणि साप माझ्याच नाकात बसला होता.

बाई मागून आली. चहाचा थर्मास होता तिच्याकडं. मी विचारलं, “तुला कधी कळलं?” म्हणाली, जूनमध्ये, वही बघून. “मग संस्थेला का नाही कळवलंस?” तर म्हणे, “कळवलं ना. कुप्यांबद्दल लिहिलं असतं तर त्याच महिन्यात काम बंद केलं असतं. म्हणून तुमच्या तब्येतीबद्दल लिहिलं, की ताईंची छाती तपासून घ्या. मालिकेवर रेघ मारायचं त्यांनी त्यांच्या मनानं जोडलं. माझी आईसुद्धा पायऱ्यांवर अशीच दृश्य बघायला थांबायची.”

म्हणजे संशय माझा बरोबर होता, तिनंच लिहिलं होतं. फक्त का लिहिलं ते मला या जन्मात सुचलं नसतं. मी तिला काय म्हणाले ते विचारू नकोस. चहा प्याले एवढंच.

आता जे लिहायचं आहे ते दोन दिवस झाले मी टाळते आहे. काल यांच्या रेडिओतला उरलेला स्क्रू शोधायला तासभर पलंगाखाली होते. टाळायला माणसाला काहीही पुरतं.

अप्पांची ती दुपार. तू प्राणवायूची नळी लावून दिलीस, सिलिंडरचा काटा मिनिटाला दोन लिटरवर ठेवलास आणि मला बजावलंस, ताई, कितीही धाप लागली तरी दोनच्या वर नेऊ नकोस, यांच्या छातीत वर्षानुवर्षांचा कार्बन साठलेला आहे, जादा प्राणवायू यांना सोसणार नाही. मी मान हलवली. तू औषध आणायला गेलास. अप्पा उशीवर कोपरं रोवून बसले होते. सिमेंटच्या पोत्यांत तीस वर्षं घालवलेला माणूस, कधी कुणाकडं काही मागितलं नाही, तो माझा हात धरून म्हणाला, “पोरी, थोडी हवा दे गं.”

आमच्या केंद्राच्या भिंतीवर एक तक्ता आहे. तीस कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू आताच्या दीडपट होता, तेव्हा कावळ्याएवढे चतुर किडे उडायचे, असं त्यात चित्र आहे. मी ते वर्षानुवर्षं शाळेतल्या पोरांना दाखवत आले. त्या क्षणी मला तेच आठवलं. वाटलं, जास्त प्राणवायू म्हणजे जास्त बळ, धाकट्याला पुस्तकातलं कळतं पण हवा माझा विषय आहे. त्याच तक्त्याच्या खालच्या ओळीत लिहिलंय की त्याच्या कितीतरी आधी, हवेत प्राणवायू पहिल्यांदा आला तेव्हा तो त्या काळच्या बहुतेक जिवांना विषच ठरला. जी छाती ज्या हवेला सरावते तिला तीच सोसते. ती ओळ मला तोंडपाठ आहे. त्या दुपारी आठवली नाही.

मी काटा सहावर नेला.

अप्पांच्या चेहऱ्यावर रंग आला. धाप कमी झाली. माझ्याकडं बघून हसलेसुद्धा, आणि झोपले. मी खूश झाले रे. खुर्चीत बसून चहा घेतला, मनात म्हटलं, धाकटा आला की त्याला दाखवते डॉक्टरी कशाला म्हणतात. तासाभरानं मी त्यांना हाक मारली. मग पुन्हा मारली. मग हलवलं.

जिन्यावर तुझी पावलं वाजली तेव्हा मी काटा परत दोनवर आणला.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. यांनाही नाही, आज हे पत्र पाकिटात घालायच्या आधी त्यांच्यापुढं ठेवणार आहे. तू आत आलास, अप्पांची नाडी पाहिलीस, मग नळीकडं पाहिलंस आणि मग माझ्याकडं. किती वेळ पाहिलंस ते मला मोजता आलं नाही. मला वाटलं, याला कळलं. त्याच मिनिटाला माझ्या डोक्यात संशय शिरला तो अजून बाहेर पडलेला नाही. तुला कळलंय का, कळलं असेल तर कधी बोलणार, कुणासमोर बोलणार. तू बोलायच्या आधी मीच बोलले, सगळ्यांसमोर, तुझं नाव घेऊन. तू भिंतीला टेकून उभा राहिलास आणि गप्प बसलास, आणि त्या गप्प बसण्याचाही मी संशयच घेतला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात सहा वर्षं पौर्णिमाच होती.

टाकीमागे बसले असताना मला आणखी एक सुचलं. मी हवा भरण्यात जन्म घालवलाय आणि ही गोष्ट मला सहा वर्षांत सुचली नाही. दोनवर तो सिलिंडर रात्रीपर्यंत पुरायला हवा होता. सहावर तेवढ्या वेळात तो जवळजवळ रिकामा झाला असणार, आणि ते त्याच्या वरच्या काट्यावर लख्ख दिसत असणार. मी खालचा काटा फिरवला, वरच्याला हात लावून काही उपयोग नसतो. सिलिंडर तूच उचलून खाली नेलास. म्हणजे तुला त्याच दिवशी कळलं होतं. आता मी हा संशय घेत नाही, मला खात्री आहे. तू माझ्या जागी बोलणी खाल्लीस, आत्याची पोरं तुझ्या दवाखान्याच्या समोरून दुसरीकडं गेली ती बघितलीस, आणि मला एक अक्षर विचारलं नाहीस. का? मी तुझी मोठी बहीण होते म्हणून, की मी मोडून पडेन म्हणून? काहीही असो, ते करायचा तुला हक्क नव्हता असं म्हणावंसं वाटतं आणि म्हणवत नाही.

आता मी काय केलं ते सांगते. संस्थेला काल लिहिलं: मार्चपासूनच्या माझ्या सगळ्या कुप्या, पहिल्या आणि दुसऱ्याही, काढून टाका, कारण भरणारीचा दम पुरत नव्हता आणि तिनं ते सांगितलं नाही. त्याआधीच्या जोड्या जुळलेल्या आहेत, त्या तपासा आणि ठेवा. बाई म्हणते, ठेवतील. मला तिच्या म्हणण्यावर विश्वास ठेवायची अजून सवय नाही, पण प्रयत्न करते आहे. पुढच्या मंगळवारपासून ती भरेल. परवा तिला टोकावर उभी करून शिकवलं. तिला बावीस सेकंदच दम धरता येतो. मी म्हटलं, मग पहिली बंद कर, मागे जा, श्वास घे आणि परत ये, त्यात कमीपणा नाही. माझ्या तोंडून ते पहिल्यांदाच निघालं.

आत्याला वेगळं पत्र टाकलं आहे. काटा कुणी फिरवला ते त्यात लिहिलंय, तुझ्या आधी तिला पोचेल असं बघितलं. तिला अक्षर लागत नाही, म्हणजे तिचा थोरला मोठ्यानं वाचून दाखवेल आणि अख्खं घर ऐकेल. तसंच हवं आहे.

मी सत्तावीस तारखेच्या सकाळच्या बसनं येते. हे बरोबर आहेत, पायऱ्या असतील तिथं मी थांबेन आणि दृश्य बघते असं म्हणणार नाही. फॉर्म पुन्हा कोराच आणते. तपास आणि जे दिसेल ते लिही, अर्धं लिहू नकोस, मला सांभाळून लिहू नकोस. नोकरी जाणार हे मला कळलंय. अप्पांसारखं काही निघालं तर तेही त्याच भाषेत सांग जी तू इतरांच्या बहिणींना सांगतोस.

पण छातीला तुझी तपासायची नळी लावायच्या आधी मला एका गोष्टीचं उत्तर दे. मी काटा दोनवरच ठेवला असता तर अप्पा जगले असते का? तू डॉक्टर आहेस, तुला माहीत आहे. माझी दया येऊन खोटं बोललास तर मला लगेच कळेल, संशय घेण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. हो असेल तर हो म्हण. मी उभी राहून ऐकेन, मग बसेन, मग तू म्हणशील तेव्हा श्वास घेईन आणि म्हणशील तेव्हा सोडेन.

जो दोष तू सहा वर्षं वागवलास तो घ्यायला येणारी,
ताई